कथानक उसने, कथा स्वतःची

२०१८ साली ‘तुंबाड’ पडद्यावर आला तेव्हा पुष्कळांना वाटले, हस्तर हा कोकणातल्या कुठल्या तरी विसरलेल्या दंतकथेतला देव असणार. धो धो पावसात भिजणारा वाडा, साखळदंडाने बांधलेली म्हातारी, भूगर्भात दडलेले सोने. सगळे इतके इथले, की संशयाला जागाच नव्हती. पण हस्तर कोकणातला नाही. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने १८९१मध्ये एका छोट्या गोष्टीत हॅस्टर नावाचा धनगरांचा देव कल्पिला. तो बिचारा सौम्य, कळप राखणारा. चार वर्षांनी रॉबर्ट चेंबर्सने ते नाव आपल्या कथांत घेतले. पुढे लव्हक्राफ्ट आणि त्याच्या गोतावळ्याने त्याला अघोरी करून टाकले. स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या १९८४च्या कथेत चेटूक जाणणारी आजी आणि घरात एकटा सापडलेला नातू आहे, आणि तिला आडवे करायला घ्यायचे नाव तेच आहे. ‘ग्रॅमा’वरून नारायण धारपांची ‘आजी’ आली. धारपांची गोष्ट दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली आणि तिच्यातून सिनेमा उभा राहिला. शीर्षक घेतले ते श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून.

म्हणजे नाव एकाचे, प्रसंग दुसऱ्याचा, गाव तिसऱ्याचे. तरीही ‘तुंबाड’ पाहताना कुणाला शिळे काही पाहिल्यासारखे वाटले नाही. पिठाची बाहुली घेऊन देवाच्या उदरात उतरणारा आणि त्याच्या कमरेच्या कसातून नाणी ओरबाडणारा विनायक ना बिअर्सकडे आहे, ना किंगकडे. सरकारवाड्याच्या मालकाची सेवा करून एका नाण्याची वाट पाहणारी विधवा आई तर त्यांच्याकडे असूच शकत नव्हती. भीती परदेशातून आली, लोभ मात्र घरचाच आहे.

कथात्म लेखनात अस्सलपणाला महत्त्व किती, हा प्रश्न मराठीत निघाला की चर्चा हमखास पंचनाम्याच्या वळणावर जाते. ‘हे कुठून उचलले?’ एवढे सापडले की टीकाकाराला कृतकृत्य वाटते. उचललेल्या वस्तूचे लेखकाने पुढे केले काय, हे विचारायला फारसे कुणी थांबत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तो आहे, आणि गेल्या दीडशे वर्षांतली मराठी कथा-कादंबरी त्या प्रश्नाने तपासली तर पाहुण्यांच्या पंगतीतली बरीच पाने इकडची तिकडे करावी लागतील.

गंमत अशी, की हा प्रश्न नीट विचारणारी माणसे आपल्याकडे हजारएक वर्षांपूर्वी होऊन गेली. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात दोन कवींच्या रचनांत दिसणाऱ्या साम्याचे तीन प्रकार सांगितले. पहिला प्रतिबिंबासारखा: आरशात दिसते तेवढेच, स्वतःचा जीव नाही. दुसरा चित्रासारखा: हात वेगळा, पण जीव तिथेही बेताचाच. हे दोन्ही त्याने त्याज्य ठरवले. तिसरा प्रकार सारख्या बांध्याच्या दोन माणसांसारखा: अवयवांची ठेवण तीच, पण माणसे दोन, प्राण दोन. या साम्याला त्याची हरकत नाही. नंतर राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दांची आणि अर्थाची उचल हा विषय प्रकरणेच्या प्रकरणे खर्चून चर्चिला, आणि वर चौथा प्रकार घातला, परपुरप्रवेशाचा. मूळ एक, पण वरचा सगळा संसार निराळा. राजशेखराचे घराणे महाराष्ट्राचे, त्यामुळे असेल कदाचित, पण चोरीबद्दल तो अजिबात सोवळेपणा दाखवत नाही. कवी म्हटला की तो थोडीफार चोरी करणारच, लपवता आली म्हणजे झाले, असाच त्याचा एकंदर सूर आहे.

या मंडळींना कथानक नवे हवे अशी अपेक्षाच नव्हती. मुक्तेश्वर, मोरोपंत, श्रीधर यांच्या श्रोत्यांना पांडवांचे काय होणार ते पाळण्यापासून ठाऊक होते. कधी कुणी न सांगितलेली गोष्ट सांगणारा तोच खरा लेखक, ही कल्पना युरोपातही तशी अलीकडची. एडवर्ड यंगचा स्वतंत्र रचनेवरचा प्रसिद्ध निबंध १७५९चा. ही कल्पना आपल्याकडे आली कॉलेजांतून, इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या बरोबर, आणि विरोधाभास असा, की ज्या पिढीने ‘स्वतंत्र’ कादंबरीचा आग्रह धरला तीच पिढी इंग्रजी पुस्तकांवरून हातोहात रूपांतरे करत होती.

त्या काळाकडे जरा थांबून पाहू. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७चे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबूडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. कथानकाच्या हिशेबाने हळबे आणि रिसबूड स्वतंत्रच म्हणायचे, कारण अमुक पुस्तकावरून घेतले असे बोट ठेवता येत नाही. पण वाचायला बसले की राजपुत्र, कपटी कारभारी, ताटातूट आणि योगायोग, सगळे संस्कृत कथा आणि फारसी दास्तानांच्या कोठारातले. दुसरीकडे हरिभाऊ आपटे. त्यांनी १८८५मध्ये लिहायला घेतलेली ‘मधली स्थिती’ सरळ रेनॉल्ड्सच्या लंडनच्या रहस्यांवर बेतलेली. नंतर पाचच वर्षांनी त्यांनी ‘करमणूक’ काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ प्रसिद्ध होऊ लागली.

या कादंबरीचा विषय मुळीच नवा नव्हता. बालविवाह, वैधव्य, केशवपन यांवर वर्तमानपत्रांत रोज वाद चालले होते, आणि विधवांची दुःखे पदमनजींनी तेहतीस वर्षे आधी मांडली होती. त्यांच्या नायिकेचे नावही यमुनाच. फरक आहे तो सांगणाऱ्याचा. पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, इतर विधवांच्या कहाण्या ऐकते, आणि लेखकाचा मिशनरी हेतू पानोपानी बरोबर चालतो. हरिभाऊंची यमू स्वतः बोलते. लहानपणीची भांडणे, दादाशी असलेले गूळपीठ, सासरच्या घरातले टोमणे, मुंबईतल्या बिऱ्हाडातले नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस हे सगळे ती आठवेल तसे, मधेच थांबत, मधेच ‘हे सांगायचे राहिलेच’ अशा थाटात सांगते. त्यामुळे शंकरमामंजींच्या कारस्थानाने तिच्यावर जे येते ते वाचकाच्या घरात घडल्यासारखे होते. पुरुष लेखकाने एका मुलीला कादंबरीभर मोकळे बोलू दिले, हा त्या काळात मोठाच शोध होता. रेनॉल्ड्स वाचून हात बसला असेल, नसेल. यमूचा आवाज रेनॉल्ड्सकडे नव्हता.

नाटक हा या लेखाचा विषय नाही, पण देवलांना ओलांडून पुढे जाववत नाही. मोलिएरचे ‘स्गानारेल’ १६६०चे, त्यावरून आर्थर मर्फीचे इंग्रजी नाटक १७६१चे, त्यावरून देवलांचा ‘फाल्गुनराव’ आणि पुढे १९१६मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’. उसन्याचे उसने. तरी फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या ही नक्षत्रमाळ पॅरिसहून आली असे रंगमंचासमोर बसलेल्या एकाही माणसाला वाटत नाही. संशयाचे यंत्र मोलिएरचे, भांडण मात्र पुण्याच्या आळीतले. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मागचा किंग लिअर सगळ्यांना दिसतो आणि त्याने काहीच बिघडत नाही. खुद्द शेक्सपिअरनेही लिअर जुन्या कथेतून आणि जुन्या नाटकातूनच घेतला होता.

मात्र रूपांतराचे हे सगळे खाते जमेचे नाही. ना. सी. फडक्यांची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ (१९१७) मारी कॉरेलीवर बेतलेली होती. पुढे त्यांनी लेखनाच्या तंत्रावर ‘प्रतिभासाधन’ लिहिले आणि एका पिढीला गोष्ट कशी बांधावी ते शिकवले. फडक्यांचे मराठी देखणे होते यात वाद नाही. पण त्यांच्या कादंबऱ्यांचा गठ्ठा एका बैठकीत वाचला तर कळते, की माणसाने दुसऱ्याचे घेण्यापेक्षा स्वतःचेच पुन्हा पुन्हा घेणे जास्त धोक्याचे. त्याच सुमाराच्या रहस्यकथांत तर लंडनचे धुके गिरगावात उतरत असे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली, लाखो लोकांना वाचायची सवय लावली. हे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करूनही म्हणावे लागते, की त्यांच्या झुंजार या नायकाच्या मुंबईत मुंबई फारशी सापडत नाही. आनंदवर्धनाच्या भाषेत हा चित्राचा प्रकार.

तंत्राची उसनवारी हे आणखी एक प्रकरण. मर्ढेकरांनी १९४२मध्ये ‘रात्रीचा दिवस’ लिहून संज्ञाप्रवाह मराठीत आणला. त्यामागे जॉइस होता हे उघड आहे. प्रयोग धाडसी, पण त्या कादंबरीचे नाव घेणारे जितके, वाचणारे तितके नाहीत, आणि मला त्यात वाचकांचा दोष दिसत नाही. याच्या तीन वर्षे आधी विश्राम बेडेकरांनी ‘रणांगण’मध्ये युरोपातून निघालेली एक बोट, तिच्यावरचे ज्यू निर्वासित आणि एक हिंदी तरुण एवढ्या ऐवजावर जे साधले त्याला कुठल्याच नव्या तंत्राचा टेंभा मिरवावा लागला नाही. बोटीवरचे प्रेम ही तशी ठरीव गोष्ट. पण त्या निर्वासितांमधली हॅर्टा कुठून आली आणि तिला उतरायला जगात जागा नाही, हे कळल्यावर ती ठरीव राहत नाही.

आता जिथे या प्रश्नाचा खरा कस लागतो तिथे येऊ. महाभारतात कर्ण परशुरामाकडे जातो तो जात लपवून. विद्या मिळते, मग उघडकीला येते आणि शाप मिळतो. हे कथानक मराठी मुलाला चौथीत असल्यापासून माहीत असते. १९६७मध्ये शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ लिहिली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण असे एकेकाने आपल्या तोंडाने सांगायचे, ही मांडणी त्यांची. त्याआधी खांडेकरांनी ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना असेच बोलते केले होते. खांडेकरांना त्या कादंबरीसाठी साहित्य अकादमी मिळाली, पुढे ज्ञानपीठ मिळाले. दोन्ही पुस्तके आजही घरोघर आहेत.

या दोहोंच्या मधल्या काळात, १९६३मध्ये, बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, जात न सांगता सवर्णांत मिसळून राहतो, आणि कळल्यावर मार खातो. नीट पाहिले तर सांगाडा कर्ण-परशुरामाचाच आहे: लपवणे, मिळवणे, उघड होणे, शिक्षा. पण बागुलांनी महाभारत उचलले असे कुणी म्हणाले नाही, म्हणणारही नाही. कारण त्या कथेत शाप देणारा ऋषी नाही, पोटापाण्याच्या जागी बरोबर बसणारी-उठणारी माणसे आहेत. आणि चोरी हा शब्दच लेखकाने उलटा फिरवला आहे. ज्याच्याकडून सगळे हिरावले त्याच्यावर चोरीचा आळ.

‘मृत्युंजय’ने आपल्याला कर्णाबद्दल हळहळायला लावले. बागुलांनी त्या हळहळीची सोयच ठेवली नाही. कर्णाच्या बाजूने रडताना वाचक सुरक्षित असतो, कारण कर्ण सूर्यपुत्र असतो. शेवटी राजबीजच निघते. बागुलांचा नायक कुणाचाही छुपा राजपुत्र नाही. माझ्या लेखी ‘मृत्युंजय’ ही सारख्या बांध्याची देखणी, भरदार आवृत्ती आहे आणि बागुलांची कथा हा परपुरप्रवेश. लोकप्रियतेचा निवाडा वेगळा आहे, तो मला मान्य आहे. आणि पुराणकथा घेतली म्हणजे हे असेच होते असेही नाही. जी. ए. कुलकर्णींनी ‘पिंगळावेळ’मध्ये ग्रीकांचा ऑर्फियस घेतला, ‘यात्रिक’मध्ये सर्व्हांटिसचा डॉन घेतला, नावेसुद्धा बदलली नाहीत. तरी त्या दोन्ही कथांतला प्रत्येक परिच्छेद जीएंचाच आहे हे आंधळाही सांगेल.

१९६३चे दुसरे पुस्तक ‘कोसला’. नेमाडे तेव्हा पंचविशीतले. तेव्हापासून आजपर्यंत सॅलिंजरच्या ‘कॅचर इन द राय’शी (१९५१) तुलना चालूच आहे: वैतागलेला तरुण, वसतिगृह, मोठ्यांच्या ढोंगाचा तिटकारा, जीव असलेली धाकटी बहीण. तुलना चुकीची नाही, अपुरी आहे. सॅलिंजरचा मुलगा शहरातला, पैसेवाल्या घरचा. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या शेतकऱ्याचा पोरगा. पुण्याला जातो, बापाचे पैसे उडवतो आणि हात हलवत घरी परततो. वडिलांशी त्याचे भांडण शेतीच्या, हिशेबाच्या आणि कर्तेपणाच्या भाषेत होते. शिवाय मधेच बखरीच्या आणि इतिहासलेखनाच्या थाटाची जी टिंगल येते, महानुभाव गद्यासारखी जी तुटक वाक्ये येतात, ती न्यूयॉर्कमधून येण्यासारखी नाहीत. बहिणीच्या मरणाचा भाग तर एवढा आपला आहे, की तिथे सॅलिंजर आठवतच नाही.

खरी उचल झाली ती नंतर, ‘कोसला’वरून. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे पांडुरंगाचे दोन शब्द पुढची वीस-पंचवीस वर्षे मराठी तरुण लेखकांनी इतके वापरले, की शेवटी ते थकले. ग्रामीण कथेचेही तेच झाले. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५), शेळक्यांची ‘धग’ (१९६०), बोराड्यांचा ‘पाचोळा’ (१९७१) यांनी आपापल्या भागाची बोली छापील पानावर आणली, तेव्हा ती वऱ्हाडातली किंवा मराठवाड्यातली माणसे पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलली. त्यांच्यामागून आलेल्या शेकडो कथांत बोली हा नुसता रंग झाला: चार ‘व्हय’, दोन ‘न्हाई’, एक दुष्काळ, एक इरसाल सरपंच. कथानक यांपैकी एकानेही कुणाचे चोरले नव्हते, तरी सगळ्या कथा एकमेकींच्या प्रतिबिंबांसारख्या.

कायद्याचे इथे काही चालत नाही, आणि चालू नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितले. आनंद यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक प्रांतीयतेवर: पंजाबी आणि मद्रासी कुटुंबे शेजारी, मुलांचे प्रेम. १९५६चा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट याच कल्पनेवर. न्यायालय म्हणाले, कल्पना, विषय, कथावस्तू यांवर कुणाची मालकी नसते. हक्क असतो तो मांडणीवर. दोन्ही पाहणाऱ्याला दुसरी कृती पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटले, तरच चोरी. चित्रपटात हुंड्यासारखे वेगळे विषय आले होते, मांडणी बदलली होती, आनंद हरले. निकाल वाचताना आनंदवर्धन आठवतो: अवयव सारखे, माणसे दोन.

कायद्याने सुटले म्हणजे नैतिकदृष्ट्याही सुटले असे मात्र नाही. मराठीत मूळ लेखकाचे नाव गिळण्याची सवय जुनी आहे. ‘एका इंग्रजी कथेवरून’ एवढेच मोघम लिहायचे, कधी तेही नाही. पु. लं.नी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केली, हेमिंग्वेचे भाषांतर ‘एका कोळियाने’ या नावाने केले. दोन्हीचा उगम सगळ्यांना माहीत, त्यामुळे त्यांच्या मोठेपणात तसूभरही उणे आले नाही. जीएंनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या त्या रिक्टरच्या नावाने. उगम सांगितला की वाचकाला दोन्ही शेजारी ठेवून पाहता येते, आणि लेखकाने स्वतःचे काय घातले ते उलट जास्तच ठळक दिसते. लपवणाऱ्याला हे कळत नाही.

सध्या या वादात कथा लिहून देणाऱ्या यंत्राची भर पडली आहे. विचारले की अर्ध्या मिनिटात कथा. त्या कथांवर चोरीचा शिक्का मारता येत नाही, कारण एकही वाक्य कुठून आले ते दाखवता येत नाही. पण वाचताना काय होते? मुलगा अमेरिकेत, आई वृद्धाश्रमात, शेवटी जुनी पेटी उघडते. प्रामाणिकपणे सांगायचे तर ही कथा यंत्राच्या आधी आपल्या दिवाळी अंकांनीच वर्षानुवर्षे छापली. का. र. मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा ती नव्हती, पण तिचे पूर्वज असावेत. यंत्राने नवे काही बिघडवले नाही. सरासरी कशी दिसते ते फक्त आपल्यासमोर धरले.

लिहिणाऱ्याने मग करायचे काय? नवे कथानक शोधत हिंडणे हा मला वेळेचा अपव्यय वाटतो. जुन्या गोष्टीत अजून कोण बोललेले नाही, ते पाहावे. ‘श्यामची आई’च घ्या. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे तिच्यावरचा हक्क २०१०च्या अखेरीस संपला आणि ती आज कुणीही छापू शकतो, छापतातही पुष्कळजण. बेचाळीस रात्री श्याम आईबद्दल सांगतो. त्या घरात वडीलही आहेत. मोठ्या घराण्यातले, भाऊबंदकीने पिळलेले, कर्जात बुडालेले, दाराशी सावकाराचा माणूस येऊन बायकोला बोलला तरी हात बांधलेले. त्यांनी हीच गोष्ट सांगितली तर ती कोणत्या रात्री सुरू होईल, आणि आईचे कोणते वाक्य ते गाळतील?